तिसरी टोपली

प्रिय घड्याळ्या,

या नावानं हाक मारल्याचा तुला राग येणार, माहीत आहे. तुझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात, साहेब म्हणतात तुला. येऊ दे राग. मला गेले बारा दिवस आलेला आहे, त्यातला थोडा तूही घे. तुझे चार फोन येऊन गेले आणि चारही वेळा तू एकच विचारलंस, ताई, फॉर्म पाठवलास का. बाबा कसे आहेत हे एकदाही विचारलं नाहीस. फोनवर मी काही सांगायला लागले की 'हो हो, कळलं' म्हणून तूच माझं वाक्य पुरं करतोस, आणि चुकीचं पुरं करतोस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. फॉर्मचं काय झालं ते शोधायला शेवटचं पान आधी उलटू नकोस. मी तुला ओळखते, उलटशील. पण मग परत इथे ये आणि ओळीनं वाच.

बारा दिवसांपूर्वीच्या रविवारी तू आलास. सकाळी अकराला आलास आणि तीनच्या गाडीनं गेलास. बाबांसाठी दोन किलो सफरचंदं आणलीस. नाकातल्या नळीतून पोटात अन्न जाणाऱ्या माणसासाठी सफरचंदं! मी आणि मावशींनी खाल्ली, गोड होती. मावशी म्हणजे बाबांकडे दिवसभर बघणाऱ्या बाई. तू त्यांना सगळा वेळ 'अहो, जरा ऐका' म्हणत होतास, म्हणून सांगते. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून, अकरा महिने, त्या त्यांना कुशीवर वळवतायत, पुसतायत, दाढी करतायत, आणि प्रत्येक वेळी आधी सांगतात, गुरुजी, आता वळवते हं. तू अंगातलं जाकीटसुद्धा काढलं नाहीस. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलास, मनगटावर नजर टाकलीस आणि म्हणालास, 'ताई, खरं सांग, आता यांच्यात आणि या कपाटात काय फरक उरलाय?' हे म्हणताना तू आवाज खाली आणलास. का, तर स्वयंपाकघरात मावशींना ऐकू जाऊ नये. बाबांच्या उशीपासून चार हातांवर उभा राहून, बाबांचे डोळे उघडे असताना, तू मावशींची काळजी केलीस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्या वेळी मी काय केलं ते पुढे सांगते, कारण तेही सांगायचंच आहे.

नंतर तू तो फॉर्म मागून घेतलास. तू न वाचता सही केलीस, मी मात्र नंतर चार वेळा वाचला, तेव्हा त्यात काय आहे ते ऐक. अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी ती संस्था वाईट नाही. मी जाऊन बघून आले. फरशी पुसलेली असते, चादरी रोज बदलतात. पण तिथे दोन मजले आहेत. जे प्रतिसाद देतात त्यांचा खालचा मजला. तिथे व्यायाम करून घेणारा माणूस येतो, बोलायला शिकवणारी बाई येते, खिडकीशी खुर्च्या आहेत. जे देत नाहीत त्यांचा वरचा. तिथे नळीतून अन्न, दर तीन तासांनी कूस बदलणं, आणि संपलं. वरून खाली आलेलं कुणी आजवर कुणाला आठवत नाही, तिथल्या बाईंनीच सांगितलं. आणि कोण कुठल्या मजल्यावर जाणार ते ठरतं फॉर्मच्या तिसऱ्या पानावर. 'रुग्ण प्रतिसाद देतो', एक चौकोन. 'रुग्ण प्रतिसाद देत नाही', दुसरा चौकोन. दोहोंतल्या एकात खूण, खाली सगळ्या मुलांच्या सह्या. दुसऱ्या चौकोनात खूण होती, तिच्याखाली तू सही केलीस. एक तारखेला वरच्या मजल्यावर एक पलंग रिकामा होतोय, तो बाबांसाठी धरून ठेवलाय म्हणे.

दोन चौकोन. हे बाबांना दाखवलं असतं तर त्यांनी तिसरा कुठाय म्हणून विचारलं असतं. तुला विसर पडला असेल म्हणून आठवण करून देते की आपले वडील छत्तीस वर्षं पहिलीला शिकवत होते. बरोबरीचे लोक वरच्या वर्गांवर गेले, मुख्याध्यापक झाले, हे पहिलीतच राहिले आणि मजेत राहिले. सजीव-निर्जीवचा धडा इतर मास्तर दोन तासांत उरकायचे. फळ्यावर मधोमध रेघ, अलीकडे कुत्रा, झाड, माणूस, पलीकडे दगड, खुर्ची, बादली, चला पुढचं पान. बाबांना त्याला तीन आठवडे लागायचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचा सगळा संसार होता. खडा, पीस, वाळकी काटकी, मेणबत्ती, शंख, घेवड्याच्या बिया, कापलेल्या नखांची पुडी, चावीचं घड्याळ. आणि तीन टोपल्या. लाल चिंधी बांधलेली सजीवांची, पांढऱ्या चिंधीची निर्जीवांची, आणि कान तुटलेली, बिनचिंधीची तिसरी. तिचं नाव 'थांबू या'. ज्याचं नक्की कळत नाही ते तिच्यात जायचं, आणि नीट बघून होईपर्यंत तिथून बाहेर यायचं नाही. तीन-तीन दिवस पोरं त्या टोपलीभोवती उकिडवी बसायची. बाबांचा नियम एकच, मुलाचा हात धरायचा नाही. त्याला वस्तू उचलायला आणि टाकायला जितका वेळ लागेल तितका लागू दे. आपलं बोट नकळत उत्तराकडे जातं म्हणून ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसायचे. सगळी शाळा हसायची त्यांना, गुरुजी अंडी उबवतायत म्हणून.

आणि तू पाच वर्षांचा असताना घरी काय तमाशा केला होतास ते तरी आठवतं का? घड्याळ लाल टोपलीत टाकलंस. ते हात हलवतं, पोटात टिकटिक करतं, सकाळी ओरडतं, म्हणजे ते जिवंत आहे, आणि कुणी नाही म्हणालं तर चावीन. बाबा नाही म्हणालेच नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की ते तिसऱ्या टोपलीत ठेवलं तर तुझी हरकत आहे का. तू उपकार केल्यासारखं ठेवू दिलंस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थांबलं. तू भोकाड पसरलंस, जेवला नाहीस, ते मेलं म्हणून आईच्या पदरात डोकं खुपसून झोपलास. आई बाबांवर भडकली, द्या की हो त्याला चावी. बाबा आपल्या हातांवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तू स्वतःच चावी दिलीस, पुन्हा थांबायची वाट बघितलीस, पुन्हा दिलीस, आणि मग कपाळाला आठ्या घालून ते उचललंस आणि पांढऱ्या टोपलीत ठेवलंस. म्हणालास, ज्याला दुसऱ्यानं चालवावं लागतं ते जिवंत नसतं. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मात्र विचारलं, मग शेजारणीचं तान्हं? त्यालाही दुसरंच कुणी उचलतं. तू कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून उभा होतास आणि मग म्हणालास, थांबू या. त्या उत्तरावर बाबा जितके खूश झाले तितके माझ्या कुठल्याही पहिल्या नंबरावर झाले नाहीत. मला आजही त्याचा थोडा हेवा वाटतो. तेव्हापासून तू घड्याळ्या. आणि तो पोरगा मोठा होऊन लिफ्टची यंत्रं सांभाळायला लागला, आणि एका रविवारी बापाकडे बघून त्याला वाट बघायला चार तास पुरे झाले.

मी त्याच टोपल्या घेऊन तोच वर्ग शिकवते, हे तुला गावंढळपणाचं वाटतं. वाटू दे. या वर्षीच्या पोरांनी मला घाम फोडलाय. बस जिवंत आहे, कारण ती धूर सोडते आणि पोटात माणसं ठेवते. मेणबत्तीची ज्योत जिवंत आहे, ती खाते, वाढते आणि तिला पिल्लं होतात. एका मुलानं नखं पांढऱ्या टोपलीत टाकली, मग आपल्या बोटाकडे बघितलं आणि दिवसभर बोट मुठीत धरून बसला. दोन पुढचे दात पडलेली एक मुलगी आहे, तिला मी फटकूर म्हणते, फटीतून बोलते म्हणून. तिनं घेवड्याची बी तिसऱ्या टोपलीत टाकली आणि रोज सकाळी येऊन तिच्या कानात काहीतरी सांगायला लागली. आम्ही आणखी चार बिया ओल्या कापसावर वाटीत ठेवल्या होत्या. एवढ्यात नव्या मुख्याध्यापिका बाई वर्गात आल्या. त्यांनी आधीच छापील कागद वाटले होते, वर दोन रकाने, प्रत्येक वस्तूपुढे एक खूण. फटकूरनं बीपुढे कुठेच खूण केली नव्हती, मधल्या रेघेवर एक टोपली काढली होती. बाईंनी लाल फुली मारली, बी हलत नाही, खात नाही, म्हणजे निर्जीव, एवढं साधं कळत नाही का, असं त्या सहा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर विचारलं, आणि वर्गातला हा कचरा आजच्या आज घरी न्या असं मला सांगितलं. ओल्या कापसाची वाटी त्यांनी स्वतः खिडकीबाहेर उलटी केली.  माझी दातखीळ बसते अशा वेळी, तुला माहीत आहे. हा त्या रविवारनंतरचा मंगळवार.

तर मी तो डबा आणि टोपल्या घेऊन घरी आले. मावशी चहा ठेवून त्यांच्या घरी गेल्या. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी सगळं बाबांच्या पलंगावर, त्यांच्या डाव्या हाताशी ओतलं आणि एकेक वस्तू पुसून डब्यात भरत बसले. तोंडाचा पट्टा चालू होता. शाळेत गिळलेलं सगळं बाबांपुढे ओकत होते. बाईंची फुली, फटकूरचं तोंड, खिडकीबाहेर गेलेला कापूस. एक बी घरंगळत बाबांच्या हातापाशी गेली होती, मी उचलली नाही. बोलता बोलता मी चहाकडे हात नेला आणि तेव्हा मला त्यांचं बोट दिसलं. डाव्या हाताचं पहिलं बोट. ते बीवर होतं. आधी ते बीवर नव्हतं.

घड्याळ्या, माझा हात पुढे गेला होता. मी बी उचलून त्यांच्या तळव्यात ठेवणार होते. आणि मग मी तोच हात मांडीखाली घेतला, दुसराही घेतला, आणि बसले. ते बोट बीला ढकलत होतं. इतकं हळू की सरळ बघितलं तर ते हलत नव्हतं, आणि पापणी मिटून उघडली की चादरीची एक सुरकुती मागे पडलेली असायची. चहावर साय धरली. माझे हात बधिर झाले. टोपल्या आडव्या कलंडलेल्या होत्या, लाल सगळ्यांत जवळ होती. ती बी लालच्या तोंडाशी गेली, मला वाटलं आता पडणार. ती तिच्यापुढून गेली. कान तुटलेल्या टोपलीच्या काठाशी येऊन थांबली, आणि मग आत गेली. बावीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं म्हणून सांगते, नाहीतर तू म्हणशील ताईला भास होतात.

योगायोग म्हणशील. मीही म्हटलं. बुधवारी खडा ठेवला, सव्वीस मिनिटांनी तो पांढऱ्या टोपलीत होता. गुरुवारी मी डॉक्टरांना बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. अकरा महिने हे गृहस्थ येतात, बाबांच्या हातात आपलं बोट देतात, दाबा म्हणतात, मनात दहा मोजतात आणि कागदावर 'नाही' लिहून जिना उतरतात. मी त्यांना म्हटलं, आज तुम्हाला दहा नाही, हजार मोजायचेत. दहाव्या मिनिटाला ते चुळबुळायला लागले, पंधराव्याला बॅग उचलली. मी दाराची कडी लावली. खोटं नाही सांगत, लावली. अठराव्या मिनिटाला ते पुढे वाकले आणि मग त्यांनी बॅग आपणहून खाली ठेवली. जाताना त्यांनी काही वचन दिलं नाही, फार आशा धरू नका म्हणाले, पण कागदावर नवं वाक्य लिहिलं आणि व्यायामाचा माणूस सोमवारपासून घरी येईल अशी सोय केली. आणि दारात उभं राहून म्हणाले की मी थांबायला हवं होतं. एवढं तरी म्हणाले. माणूस भला आहे.

आता त्या रविवारचं. तू कपाटाचं बोललास तेव्हा मी काय केलं? तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती, बाबांच्या वतीनं. मी 'हं' म्हटलं. तुला आठवत नसेल, कारण तू गाडीची वेळ बघत होतास, पण मी 'हं' म्हटलं. आणि तिसऱ्या पानावरच्या दुसऱ्या चौकोनातली खूण तुझी नाही, माझी आहे. तू यायच्या आदल्या दिवशी, याच पलंगाच्या कडेला बसून, बाबांच्या उशीवर कागद ठेवून मी ती केली होती. अकरा महिने मी रोज त्यांना विचारत होते, बाबा, ऐकू येतंय का, पाणी हवंय का, आणि तीन श्वास थांबून पुढच्या कामाला लागत होते. थांबायचं कसं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्यासाठी मी तीन श्वास थांबत होते! वर्गात एका बीसाठी आठ दिवस बसणारी मी. ते कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर विसाव्या मिनिटाला देत असतील आणि मी तेव्हा भांडी घासत असेन. तुझ्यावर मी चिडलेय ते खरंच आहे, त्यातून तुझी सुटका नाही. पण बारा दिवस झोप लागत नाही ती माझ्यामुळे. त्याच आठवड्यात शुक्रवारी शाळेत गेले आणि मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं की तो कचरा मी परत आणणार आहे. आवाज चढला माझा, पहिल्यांदाच. फटकूरनं खिडकीखालून बिया वेचून ओल्या रुमालात ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन बियांना मोड आलेत. तो रुमाल ती बाईंच्या टेबलावर ठेवून आली. बाई अजून काही म्हणालेल्या नाहीत.

फॉर्म मी फाडला. तुझी सही आणि माझी खूण, दोन्ही. पण हे पत्र त्यासाठी नाही. काल दुपारी मी बाबांना सांगितलं की घड्याळ्याला पत्र लिहायला बसतेय, आणि तुम्ही त्या दिवशी त्याचं बोलणं ऐकलंत का ते विचारणार नाही, कारण मला माहीत आहे. मी काय लिहू, तेवढं सांगा. तिन्ही टोपल्या मांडल्या आणि डब्यातलं ते चावीचं घड्याळ, बंद पडलेलं, त्यांच्या बोटाशी ठेवलं. घड्याळ बीपेक्षा जड आहे. एक तास दहा मिनिटं लागली, मधे दोनदा बोट थांबलं, त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि मी माझ्या हातांवर बसून होते. खरं सांगते, मनात म्हणत होते, पांढरी, पांढरी, टाका त्याला पांढऱ्यात. घड्याळ कुठल्या टोपलीतलं हे त्या माणसाला आपल्या जन्माआधीपासून माहीत आहे, वस्तूचा प्रश्नच नव्हता, तुझा होता. त्यांनी ते पांढऱ्या टोपलीपुढून नेलं आणि कान तुटलेल्या टोपलीत ठेवलं. मी असते तर नसतं ठेवलं. म्हणून ये. चार तासांसाठी नको, आठ दिवसांसाठी ये, सफरचंदं आणू नकोस, जाकीट दारात काढ, मनगटावरचं काढून माझ्याकडे दे. त्यांना काय विचारायचंय ते विचार आणि हात मांडीखाली घेऊन बस. ते घड्याळ अजून तिसऱ्या टोपलीत आहे, मी हलवलेलं नाही.

तुझीच, अजून चिडलेली,
ताई